मलप्पाचा खरा फोटो

प्रदर्शनातले फोटो मी आकाराप्रमाणे लावले, ही सगळी माझी चूक. अध्यक्ष सांगत होते, घराण्याप्रमाणे लावा. पण घराण्याप्रमाणे म्हटलं की कुणाचं घराणं दाराजवळ आणि कुणाचं मोरीजवळ, यावरून जळकोटात महिनाभर एकमेकांशी बोलणं बंद झालं असतं. सव्वीस वर्षं मी या वाचनालयात ग्रंथपाल आहे. पुस्तकं कपाटात मावत नसली की मी ती उंचीप्रमाणे लावते. फोटोंनाही तोच न्याय दिला. मोठे वर, मधले मध्ये, लहान खाली.

वाचनालयाला पन्नास वर्षं झाली म्हणून अध्यक्ष अमृतरावांनी ही टूम काढली होती. गावातल्या घराघरांतून जुने फोटो गोळा करायचे, आठ दिवस मांडायचे आणि परत करायचे. गोळा करायचं काम अर्थातच माझ्याकडे. बासष्ट फ्रेमा जमल्या. कुणी लुगड्यात गुंडाळून दिली, कुणी टॉवेलात, एकानं खताच्या पोत्यात. शिवाय प्रत्येकाची सूचना वेगळी. कुणी म्हणालं, हार काढायचा नाही. कुणी म्हणालं, उदबत्ती चुकवायची नाही. चार दिवस मी गावातल्या बासष्ट जणांच्या आजोबा-पणजोबांना उदबत्ती ओवाळत होते, आणि माझ्या घरच्या देवांना मात्र पाणीसुद्धा मिळत नव्हतं.

उद्घाटनाच्या सकाळी सगळ्यांत आधी आल्या त्या नीलाबाई. वय पंच्याऐंशी, हातात काठी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. त्यांनी त्यांच्या वडिलांचा फोटो दिला होता आणि तो बरा दिसतो का हे पाहायला त्या आल्या होत्या. मधल्या रांगेसमोर त्या उभ्या राहिल्या.

"शीला," त्या म्हणाल्या, "माझ्या अप्पाला भाऊ किती व्हते?"

"आज्जी, ते मला कसं ठाव असंल?"

"एक व्हता. आन् तो बुटका, काळा व्हता. मंग हे दोघं कोण हायत?"

मी चष्मा लावला आणि जवळ गेले. मधल्या रांगेत एकाच मापाच्या, एकाच लाकडी पट्टीच्या तीन फ्रेमा शेजारी शेजारी टांगलेल्या. पहिल्या फोटोत विभूती लावलेले नीलाबाईंचे वडील. दुसऱ्यात कपाळी उभं गंध लावलेले रामकिशन मास्तरांचे आजोबा. तिसऱ्यात फेटा बांधून, हातात तलवार घेऊन बसलेले खुद्द अध्यक्ष अमृतरावांचे आजोबा. तिघांचं नाक एक, डोळे एक, डाव्या डोळ्याखालचा तीळ एक. तिघांच्याही कोटाचं वरून दुसरं बटण तुटलेलं.

अध्यक्षांच्या या आजोबांनी रझाकारांशी दोन हात केले, हे आम्ही दर सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनानंतर ऐकतो. अमृतराव आले, त्यांनी तिन्ही फोटो पाहिले आणि घसा साफ केला.

"त्याचं असं हाय मॅडम," ते म्हणाले, "आमचे आजोबा लई मोठा माणूस. लोकांनी प्रेमानं त्यांचा फोटो घरोघर लावला आसंल."

"आन् माझ्या घरात त्यांला विभूती कुणी लावली?" नीलाबाईंनी विचारलं.

तिन्ही फ्रेमांच्या मागे एकच शिक्का होता, व्यंकटी फोटोग्राफरचा, तेव्हा मी त्याला बोलावणं पाठवलं. एसटी स्टँडमागे त्याचा फोटो स्टुडिओ होता. आता तो बंद आहे आणि व्यंकटी ऐंशीचा आहे. तो आला, त्यानं भिंतीकडे पाहिलं आणि असा हसायला लागला की त्याला ठसका लागून पाणी द्यावं लागलं.

"अहो, हा माझा मामा हाय," तो म्हणाला. "देगलूरचा. तिघं एका जागी येतील, असं कधी वाटलं नव्हतं."

मग त्यानं सगळं सांगून टाकलं, आणि सांगताना त्याला यत्किंचितही लाज वाटत नव्हती. पन्नास वर्षांपूर्वी लोक त्याच्याकडे यायचे. बाप वारलेला, पुण्यतिथी तोंडावर, भिंतीला फोटो पाहिजे, आणि बापानं तर जन्मात फोटो काढलेला नाही. "मी इचारायचो, नाक कसं व्हतं? म्हणायचे, चांगलं व्हतं. डोळे? चांगले व्हते. सगळ्यांच्या बापाचं सगळं चांगलंच. मंग मी काय करू? माझ्या मामाचं सगळं चांगलं व्हतं. एकच निगेटिव्ह. ज्याच्या त्याच्या रिवाजापरमानं ब्रश मारायचा. कुणाला विभूती, कुणाला गंध."

"आणि तलवार?" मी विचारलं.

"तलवार यांच्या वडलानं जादाची सांगितली."

जमलेले सगळे पोट धरून हसले. अमृतराव आधी खुर्चीत बसून राहिले, आणि चहा आल्यावर तेही हसले. म्हणाले, पुढच्या सतरा सप्टेंबरला काय बोलायचं ते आता मॅडमनंच लिहून द्यावं. हसल्या नाहीत त्या फक्त नीलाबाई. व्यंकटी त्यांच्याजवळ गेला आणि त्यांच्या पायाशी खाली बसला.

"मावशी, तुमचे मालक आले व्हते माझ्याकडं. म्हणले, बायको रोज रडती, बापाचं तोंड पाहिलं न्हाई म्हणून. एक बाप करून दे. म्हणले, जरा मायाळू कर."

नीलाबाईंनी ते ऐकून घेतलं. "म्हंजे पन्नास वर्सं मी रोज सकाळी तुझ्या मामाच्या पाया पडून राहिले?"

"हाव."

"माणूस तरी बरा व्हता का?"

"विड्या लई ओढायचा. पण बरा व्हता."

त्या तशाच उठून घरी गेल्या. मला इतकं वाईट वाटलं की दुपारचा डबा मी उघडलाही नाही. नवऱ्यानं इतक्या मायेनं केलेली लबाडी, आणि मी ती मापात बसते म्हणून भिंतीवर टांगली.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. वाचकांच्या बाकावर बसल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या. "तो फोटो मी काढणार न्हाई. मालकानं दिलाय, ऱ्हाऊ दे भिंतीला. पण मला माझा बाप पाहायचाय. तू एवढी पुस्तकं सांभाळतीस, तुला घावंल."

त्यांच्या वडिलांचं नाव मलप्पा. गाव उदगीरच्या पलीकडचं, पण नोकरी मुदखेडला, रेल्वेत. इंजिनिअर साहेबाची तपासणीची ट्रॉली रुळांवरून ढकलणाऱ्या चौघांत ते एक होते. नीलाबाईंचा जन्म अव्वाच्या, म्हणजे त्यांच्या आईच्या, माहेरी झाला, १९४० साली, शिवरात्र झाल्यावर तिसऱ्या दिवशी. निरोप मुदखेडला गेला. मलप्पा आले नाहीत. बारसं झालं, तरी आले नाहीत. आणि अक्षय तृतीयेच्या सुमाराला बातमी आली, ती ते तापानं गेल्याची.

"माझी काकू जलमभर म्हणायची, पोरगी झाली म्हणून मलप्पा फिरकलाच न्हाई. आन् दोन महिन्यांत पोरीनं बाप खाल्ला. लग्नं, बारशी, कुठंबी मला पुढं येऊ द्यायची न्हाई. अपशकुनी म्हणायची." नीलाबाई हे भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगत होत्या. "अव्वा गप बसायची. तिला तरी काय ठाव व्हतं? मला एकदा त्याचं तोंड बघू दे. तोंड पाहिलं की मला कळंल, तो कसा माणूस व्हता ते."

मला राग आला. त्या काकूला जाऊन पंचवीस वर्षं झाली होती, नाहीतर मी तिच्या घरी गेले असते. राग आला की माझ्या हातून काम चांगलं होतं, हा माझा अनुभव आहे.

"साहेबाचं नाव काय होतं, आज्जी?"

"हॅनलन. अव्वा सांगायची, फोटोचा येडा व्हता. कुठंबी ट्रॉली थांबवायचा आन् फोटो काढायचा."

हॅनलन इंग्रज नव्हता, आयर्लंडचा होता, हे मला दोन दिवस कॉम्प्युटरसमोर बसल्यावर कळलं. तिकडच्या एका छोट्या गावच्या वाचनालयानं गावातले जुने फोटो गोळा करून इंटरनेटवर मांडले होते, आमच्यासारखेच. त्यात त्याच गावचे हॅनलन, हिंदुस्थानात रेल्वेत इंजिनिअर, अशी नोंद आणि त्यांचा एक फोटो होता. मोठ्या मिशा, डोक्यावर हॅट. ट्रॉलीचा पत्ता नव्हता.

मी त्या वाचनालयाला पत्र लिहिलं. इंग्रजी मला वाचता येतं, लिहिताना मात्र मोबाइलची मदत घ्यावी लागते. उत्तर येईपर्यंत बसून बसून मी त्यांचे बाकीचे फोटो पाहिले, आणि पाहतच राहिले. भर रस्त्यात भरलेला गुरांचा बाजार होता. आपला हाळी-हंडरगुळीचा बाजारच, फक्त माणसांच्या टोप्या वेगळ्या. शाळेसमोर ओळीनं उभी केलेली पोरं होती, सगळी अनवाणी. गोऱ्या लोकांची पोरं अनवाणी असतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. प्रत्येक फोटोखाली गावकऱ्यांनी लिहिलेलं होतं: तिसरी उभी आहे ती माझी आत्या, हा बैल आमचा, हे दुकान पुढे जळालं. आपण फोटो मिळाला की हार घालतो आणि गप्प बसतो. मी त्याच दिवशी प्रदर्शनात प्रत्येक रांगेखाली एक वही ठेवली.

उत्तर आलं ते नोरा नावाच्या बाईचं. तीही ग्रंथपाल, वयानं माझ्याएवढीच. तिच्या पहिल्या चार ओळी कामाच्या होत्या आणि पुढच्या वीस ओळी छत गळण्याबद्दल. त्यांचंही छत गळतं आणि नेमकं संदर्भग्रंथांवर. मला ती तिथंच आवडली. हॅनलनच्या नातीनं तीन अल्बम वाचनालयाला दिले होते, पण हिंदुस्थानचे दोन अजून पेटीतच होते. त्यांच्या गावात प्रत्येकाला आपापला आजोबा पाहायचा असतो, दुसऱ्याचा कोण पाहणार, असं तिनं लिहिलं होतं. मी म्हटलं, बाई, इथंही तसंच आहे, फक्त आमच्याकडे तिघांना मिळून एकच आजोबा होता. ती गोष्ट तिनं म्हणे त्यांच्या सगळ्या वाचकांना वाचून दाखवली.

मग आमचं ठरलं. तिनं रोज दहा फोटो पाठवायचे आणि ते कशाचे आहेत ते मी सांगायचं. मी तिला पखाल सांगितली, मोट सांगितली, ज्वारीची कणगी सांगितली. नीलाबाई रोज दुपारी जेवून येत आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसत. एकदा मी त्यांना आयर्लंडचा एक फोटो दाखवला. पाठीवर टोपली घेतलेल्या बायका, आणि शेजारी विटांसारखी रचलेली चवड.

"गवऱ्या हायत," नीलाबाई म्हणाल्या. "पर रचायची अक्कल न्हाई. पाऊस आला की समद्या भिजतील."

मी तसंच लिहून पाठवलं. नोराचं उत्तर आलं, की ते शेण नाही, माती आहे. त्यांच्याकडे दलदलीतली माती कापतात, वाळवतात आणि चुलीत जाळतात. नीलाबाईंना ते पटेना.

"मातीच जाळली तर पेरतेत कशात?" त्या म्हणाल्या. "आन् इतकं गार पडतं तिथं? माझ्याकडल्या दोन पोती गवऱ्या धाडल्या असत्या, पर धाडायच्या कशानं."

अशा एकशे चाळीस फोटोंत पूल आले, सिग्नल आले, मुदखेडचा फलाट आला, मेलेली मगर आली. माणसं फार थोडी, आणि जी होती ती दूर, ठिपक्याएवढी. शेवटचा अल्बम संपत आला तसा नीलाबाईंचा आवाज कमी होत गेला. एक दिवस म्हणाल्या, "नसंल तर नसंल, शीला. तू लई केलंस." मी त्यांना दटावलं. पण त्या गेल्यावर मलाही बसवेना. मी उगाच दोन कपाटं उतरवून पुसली.

बुधवारी दुपारी नोराचा एकच फोटो आला. दहा नव्हे, एक. खाली तिनं लिहिलं होतं की हा अल्बमात नव्हता, मागच्या पुठ्ठ्यात खोचलेला सापडला, आणि पाठीवर पेन्सिलनं साहेबाचं अक्षर आहे. मी ते अक्षर आधी मनात वाचलं, मग नीलाबाईंना मराठीत वाचून दाखवलं.

"माझा ट्रॉलीवाला मलप्पा सगळ्यांना खाऊ घालतो आहे. कशाबद्दल, असं विचारलं तर नुसता हसतो. मुदखेड, १४ मार्च १९४०."

फोटो मी पडदाभर मोठा केला. रुळांवर ट्रॉली उभी. भोवती सात-आठ माणसं, सगळ्यांचे हात तोंडाकडे. मधोमध एक पोरगा, धोतर गुडघ्यापर्यंत, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, हातात पत्रावळ. पत्रावळ त्यानं थेट फोटो काढणाऱ्यापुढे धरलेली. आणि हसणं असं की डोळेच दिसत नाहीत.

नीलाबाईंनी चष्मा पदरानं पुसला. पडद्यापाशी इतक्या जवळ गेल्या की मला फोटो दिसेना.

"हे तर लेकरू हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या नातवाहून ल्हान हाय."

"बावीसचे असतील, आज्जी."

"लेकरूच. आन् माझी हनुवटी हाय त्याला. बघ." त्यांनी माझ्याकडे तोंड केलं. खरंच तीच हनुवटी होती, मध्ये खळी पडलेली.

मी मोबाइलवर त्या वर्षीची शिवरात्र काढली. सात मार्च. म्हणजे नीलाबाईंचा जन्म नऊ-दहा तारखेचा. निरोप मुदखेडला पोचायला तीन-चार दिवस धरा. हिशोब माझ्या डोक्यात बसत होता, पण बोलायची हिंमत होईना. सणाचा दिवस असेल, साहेबाचा वाढदिवस असेल, काहीही असेल. उगाच म्हाताऱ्या माणसाला आशा लावायची आणि ती खोटी निघायची. फोटो भिंतीवर टांगून मी त्यांचा एक बाप आधीच खोटा पाडला होता.

नीलाबाईंनी काठीचं टोक पडद्याला लावलं. "हे पत्रावळीत काय हाय? मोठं करता येतं का?"

मी मोठं केलं. पत्रावळीत गोल गोल काहीतरी रचलेलं होतं. वेटोळी. एकावर एक, ओली चकचकीत. शेजारच्या माणसाच्या बोटात एक अर्धं खाल्लेलं, आणि त्याच्या मनगटावर पाक ओघळलेला.

"जिलबी," मी म्हटलं.

मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की जिलबी, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. आयर्लंडच्या साहेबाला ते कळलं नाही, नोरालाही कळणं शक्य नव्हतं. पंच्याऐंशी वर्षं तो फोटो पुठ्ठ्यात होता आणि तो वाचता येणारं माणूस त्याच्यासमोर आलं नव्हतं.

मी रडायला लागले. मला पटकन रडू येत नाही, पण त्या दिवशी आलं. नीलाबाई रडल्या नाहीत. त्यांनी पडद्यावर, त्या पोराच्या गालावरून, दोन्ही हातांची बोटं फिरवली आणि आपल्या कानशिलावर कडाकडा मोडली, लेकराची दृष्ट काढतात तशी. मग मला म्हणाल्या, "रडू नको. त्या बाईला लिव. साहेबाला कळलं नव्हतं ना, आता लिव."

"काय लिहू?"

"लिव, की ह्याला पोरगी झाली व्हती, म्हणून जिलबी वाटून राहिला. पोरीचं नाव नीला." त्यांनी काठीनं फोटोखालची जागा दाखवली. "आन् खाली लिव, ती जळकोटला ऱ्हाती. तिनं फोटो पाहिला."

मी शब्दाला शब्द तसंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी नोरानं ते फोटोखाली चढवलं, आणि आता जगात कुठूनही कुणीही ते वाचू शकतं. मी नीलाबाईंना ते उघडून दाखवलं. त्यांना इंग्रजी येत नाही. आपलं नाव कुठे आहे, तेवढं त्यांनी मला बोटानं दाखवायला लावलं.

"एवढंच पायजे व्हतं," त्या म्हणाल्या. "काकू न्हाई आता, न्हाईतर तिला हाताला धरून आणली असती. माझा बाप माझ्यावर रुसला नव्हता, शीला. माझ्यापायी तो हसून राहिला."